धूळ ओढणाऱ्या पंख्याची मोटार

कारखान्यातल्या लेथची मोटार जळाली की काय होते ते सांगायला नको. काम थांबते, मालक येरझाऱ्या घालू लागतो आणि संध्याकाळपर्यंत कोठून तरी दुसरी मोटार येते. विहिरीवरची मोटार जळाली तर उसाचे पाणी तुटते. मग राहुरी-श्रीरामपूरकडचा शेतकरी ती मोटारसायकलच्या मागे बांधतो आणि रात्रीच रिवाइंडिंगवाल्याचे दार ठोठावतो. पण त्याच कारखान्याच्या कोपऱ्यातला धूळ ओढणारा पंखा, ज्याला कामगार आणि मालक दोघेही डस्ट कलेक्टर म्हणतात, तो बंद पडला तर? काहीच होत नाही. करवत चालू राहते, एमरीचे चाक ठिणग्या उडवत राहते, ठरलेला माल ठरल्या वेळी तयार होतो. धूळ जरा जास्त दिसते, इतकेच.

बंद पडल्याने काम न थांबणारे असे हे कारखान्यातले बहुधा एकमेव यंत्र असावे. त्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो असे आम्हाला वाटते.

यंत्र तसे साधे आहे. पत्र्याच्या गोगलगाईसारख्या डब्यात फिरणारा पंखा, त्याला जोडलेली मोटार, करवतीपर्यंत किंवा चाकापर्यंत नेलेला नळ आणि दुसऱ्या टोकाला जाड कापडी पिशवी. धूळ जेथे उडते तेथेच ती हवेसकट ओढायची आणि पिशवीत गाळायची. त्याची मोटार बदलायची म्हणजे चार बोल्ट, तीन वायरी आणि आसाच्या खाचेतली एक चावी. माहीतगार माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम. मात्र ते इतके सोपे व्हायला फार वर्षे लागली. त्या हकिगतीचा एक धागा अहमदनगरातून (२०२४ पासून अहिल्यानगर) जातो, तो आपण पुढे पाहू.

धुळीने माणूस मरतो हे ज्ञान नवे नाही. जर्मन वैद्य अॅग्रिकोला याचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या भागात सात-सात लग्ने झालेल्या बायका आढळतात, कारण खाणीतली धूळ एकेका नवऱ्याला लवकर नेते, असे त्याने नोंदवले आहे. त्याच ग्रंथात खाणीत हवा खेळवण्याच्या पंख्यांची चित्रेही आहेत. म्हणजे रोग आणि त्यावरचा उपाय सोळाव्या शतकात एकाच पुस्तकात छापलेले होते.

इंग्लंडातल्या शेफील्ड शहराची गोष्ट याहून बोधक आहे. तेथे सुऱ्या, काटे, कात्र्या आणि सुया यांना फिरत्या दगडावर धार लावत. काही माल पाणी सोडून ओल्या दगडावर घासत, काही कोरड्यावर. कोरड्या दगडावर काम करणारा कारागीर सरासरी पस्तिशीपर्यंत आणि ओल्यावरचा फार तर पंचेचाळिशीपर्यंत जगतो, असे तेथल्या डॉ. नाइट यांचे निरीक्षण होते. १८२० नंतरच्या एक-दोन वर्षांत शेफील्डच्याच जे. एच. अब्राहम नावाच्या एका शाळामास्तरांनी यावर तोड काढली. कारागिराच्या तोंडासमोर आणि दगडापाशी लोहचुंबक बसवायचे, म्हणजे उडणारे पोलादाचे कण त्याला चिकटतील. युक्ती नामी होती आणि तिला पदकही मिळाले. पण पोलादाचा कण चुंबकाला चिकटतो, दगडाचा चिकटत नाही, आणि फुफ्फुसे खरी पोखरत होती ती वालुकाश्माच्या दगडाची बारीक पूड. चुंबकाचा धडा शिकवताना ही हकिगत वर्गात जरूर सांगावी. प्रयोग यशस्वी झाला तरी उपाय का फसला, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

पुढे शेफील्डमध्ये दगडाच्या मागे नळ आणि त्यात पंखा अशी रचना आली. ती धुळीत भेदभाव करत नव्हती, पोलाद आणि दगड दोन्ही ओढून नेत होती. तरीही कित्येक कारागिरांनीच तिला विरोध केला, काही ठिकाणी तर ती मोडून टाकली. एंगेल्स यांनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात याचे कारण दिले आहे. धंदा धोक्याचा राहिला नाही तर त्यात माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, अशी कारागिरांना भीती होती. आयुष्य कमी म्हणून मजुरी जास्त, हा हिशेब त्यांनी डोळे उघडे ठेवून मांडला होता. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. पंखा चालल्याने मिळणारी वाढीव वीस वर्षे दूर होती आणि शनिवारचा पगार जवळ होता. शेवटी १८६७ च्या कायद्याने सरकारी निरीक्षकांना अधिकार मिळाला की जेथे चाकावर घासकाम वा पॉलिशकाम चालते तेथे त्यांना पंखा बसवायला लावता यावा.

अमेरिकेत याच सुमारास बॉस्टनचे स्टर्टेव्हंट यांनी जोडे घासण्याच्या यंत्राजवळची चामड्याची धूळ ओढण्यासाठी पंखा तयार केला आणि पुढे पंख्यांचाच मोठा कारखाना काढला. १८८५ च्या सुमारास हवा गरागरा फिरवून जड कण भिंतीवर आपटवणारा आणि खाली पाडणारा उभा शंकू, म्हणजे सायक्लोन, आला. पिठाच्या गिरण्यांनी तो आधी उचलला, कारण पिठाची धूळ नुसती नाकात जात नाही, ती पेटते. २ मे १८७८ रोजी मिनीआपोलिस येथली वॉशबर्न गिरणी अशाच स्फोटाने उडाली आणि अठरा माणसे गेली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जी धूळ इमारत उडवते तिच्यावरचा उपाय मालकांनी झटपट उचलला. जी छातीत बसते तिच्यावरचा उपाय कायद्याने लादावा लागला.

आता मोटारीकडे वळू. एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यात एकच इंजिन असे. छताखालून लांबच लांब लोखंडी आस गेलेला असे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा पट्टा उतरे. धूळ ओढणारा पंखाही त्याच आसावर चाले. म्हणजे सकाळी इंजिन सुरू झाले की चाकही फिरे आणि पंखाही फिरे. पंख्याचा पट्टा मुद्दाम उतरवला तरच तो थांबे.

विजेच्या मोटारीने ही व्यवस्था मोडली. फेराऱिस यांनी इटलीत आणि टेस्ला यांनी अमेरिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना मांडली. दोघांचेही काम १८८८ मध्ये जगापुढे आले. पुढच्याच वर्षी जर्मनीत डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तीन फेजची, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटार तयार केली. या मोटारीत फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश नाहीत, त्यामुळे ठिणगी नाही आणि ब्रशात धूळ अडकण्याचा प्रश्नही नाही. धुळीच्या जागी चालवायला इतकी सोयीची मोटार दुसरी नव्हती. आज आपल्या गिरणीत, विहिरीवर आणि कार्यशाळेत जी तीन फेजची मोटार दिसते ती मूळ रचनेत तीच आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छताखालचा आस हळूहळू गेला आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली. याचे फायदे सर्वांना माहीत आहेत: पट्ट्यात हात सापडणे कमी झाले, उजेड आला, हवे ते यंत्र हवे तेव्हा चालवता येऊ लागले. पण याच सोयीने धूळ ओढणाऱ्या पंख्याला वेगळे बटण मिळाले. आसावर असताना पंख्याचे नशीब कामाशी बांधलेले होते. आता तो बंद ठेवूनही काम करता येऊ लागले. वीज वाचते, आवाज कमी होतो, आणि मोटार जळालीच तर ती बदलायची घाई नसते.

आपल्या पाटीवरच्या पेन्सिलीचे उदाहरण यातलेच आहे. मध्य प्रदेशात मंदसोर येथे पाटीचा दगड कापून या पेन्सिली बनत. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या गोल करवती आल्या, काम वेगात होऊ लागले आणि दगडाची धूळही त्याच वेगात उडू लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणांच्या फुफ्फुसांत सिलिकोसिसच्या खुणा सापडल्या. करवतीची मोटार आधी आली, धूळ ओढणारी मोटार पुष्कळ मागून. आमच्या पिढीने ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरवली ती कोणत्या हवेत कापली गेली हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

लाकडाची धूळ निरुपद्रवी असते असा समज मात्र फार दिवस टिकला. इंग्लंडात हाय विकम या फर्निचरच्या गावातल्या कारागिरांना नाकातला एक दुर्मिळ कर्करोग होत असल्याचे कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले आणि १९६८ मध्ये अॅचेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडेवारीनिशी मांडले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक अशा वर्गात घातली. खाली पडणारा जाड भुसा धोक्याचा नाही. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी, आणि त्याहूनही न दिसणारी पूड धोक्याची. तिचेच पाच-दहा मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणून झाडू मारून कार्यशाळा स्वच्छ दिसली तरी हवा स्वच्छ झालेली नसते.

आता नगरचा धागा. नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज कंपनीचा विजेच्या मोटारींचा कारखाना आहे. कंपनीचे नाव २०१७ पासून सीजी पॉवर झाले असले तरी जुन्या मोटारींवर आणि लोकांच्या तोंडी क्रॉम्प्टन हेच नाव आहे. त्याच वसाहतीत लार्सन अँड टुब्रोने मोटारी चालू-बंद करणारे स्टार्टर आणि काँटॅक्टर बनवले. तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला. म्हणजे मोटार आणि तिचे बटण दोन्ही एका गावची.

क्रॉम्प्टन हे आडनाव ज्यांचे, ते रूक्स इव्हलिन बेल क्रॉम्प्टन १८६४ मध्ये इंग्रजी फौजेतले तरुण अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. येथे बैलगाड्यांऐवजी रस्त्यावरून वाफेच्या इंजिनाने माल ओढता येईल का, या ध्यासात त्यांनी पंजाबात इंजिने चालवून पाहिली. १८७५ मध्ये परत जाऊन ते विजेच्या धंद्यात शिरले. त्यांच्या कंपनीचे पुढे पार्किन्सन कंपनीशी एकत्रीकरण झाले. १९३७ मध्ये मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स निघाली आणि १९६६ मध्ये ग्रीव्ह्जशी मिळून क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झाली.

पण आम्हाला क्रॉम्प्टन महत्त्वाचे वाटतात ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या काळी प्रत्येक कंपनीची मोटार वेगळी असे. आसाची जाडी वेगळी, पायाच्या भोकांमधले अंतर वेगळे, 'पाच अश्वशक्ती' म्हणजे नेमके किती हेसुद्धा वेगळे. एका कंपनीची मोटार जळाली की तिच्याच दारात उभे राहावे लागे, नाही तर लोहाराकडून नवे बैठकपाट घडवावे लागत. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस येथे भरलेल्या विद्युत परिषदेत क्रॉम्प्टन यांनी विद्युत यंत्रांच्या संज्ञा आणि क्षमता यांच्या प्रमाणीकरणाचा विषय मांडला. त्यातूनच जून १९०६ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, म्हणजे आय.ई.सी., स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन पहिले अध्यक्ष, क्रॉम्प्टन पहिले सचिव. मोटारींच्या मापांचे प्रमाणीकरण व्हायला त्यानंतरही अर्धशतक गेले. भारतीय मानक संस्थेने तीच मापे येथे स्वीकारली. पाय असलेल्या मोटारींसाठीचे आय.एस. १२३१ हे मानक त्यांपैकी एक.

याचा अर्थ कार्यशाळेत मोटारीची नेमप्लेट वाचली की कळतो. समजा तिच्यावर लिहिले आहे: २.२ किलोवॅट (म्हणजे ३ अश्वशक्ती), ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, मिनिटाला साधारण २८५० फेरे, फ्रेम ९० एल. यातले ९० म्हणजे पायाच्या तळापासून आसाच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. एवढा आकडा कळला की बाकी सारे ठरते: आसाची जाडी २४ मिलिमीटर, पायाची भोके आडवी १४० आणि लांबीने १२५ मिलिमीटरवर. अशी मोटार नगरची असो, कोल्हापूरची असो की जर्मनीची, ती त्याच चार भोकांवर बसते. विद्यार्थ्यांना पट्टी देऊन हे मोजायला लावावे. आकडा जुळला की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

तरीही मोटार बदलताना काही गोष्टींत फसगत होते, आणि त्यांच्यामागचे भौतिकशास्त्र शिकवण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट वेगाची. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी येते, दाब पाव होतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. मिनिटाला २८५० फेऱ्यांच्या जागी कोणी १४४० ची मोटार बसवली तर ती थंड राहते, वीज कमी खाते आणि सगळे खूश असतात. नळातली हवा मात्र संथ होते आणि भुसा आडव्या नळात साचू लागतो. लाकडाचा भुसा वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास लागतो. उलट चूक झाली, म्हणजे संथ पंख्याला दुप्पट वेगाची मोटार लावली, तर शक्ती आठपट मागितली जाते. मोटार जळते किंवा त्याआधी पंखाच फुटतो. ३ अश्वशक्तीच्या मोटारीत ही अदलाबदल पकडली जाते, कारण संथ मोटारीची फ्रेम १०० एल असते, तिचा आस २८ मिलिमीटर जाड असतो आणि तो पंख्याच्या भोकात शिरतच नाही. २ अश्वशक्तीत मात्र दोन्ही मोटारी ९० च्याच फ्रेमच्या, आस दोन्हींचा २४ मिलिमीटर. तेथे नेमप्लेट वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. तीन वायरींपैकी दोन उलट लागल्या तर मोटार उलटी फिरते. पंप किंवा करवत असती तर लगेच कळले असते. हा पंखा मात्र उलटा फिरूनही हवा त्याच बाजूने ओढतो आणि त्याच बाजूने फेकतो, फक्त पुष्कळ कमी. पिशवी थोडीफार फुगते, आवाज येतो, आणि पंखा बिघडलेला आहे हे वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. डब्यावरच्या बाणाशी दिशा ताडून पाहणे हाच उपाय.

तिसरी गोष्ट सर्वांना उलटी वाटते. नळाचे तोंड पाटीने झाकले तर मोटारीवर भार वाढेल की कमी होईल? वर्गात विचारून पाहावे, बहुतेक हात 'वाढेल' कडे जातात. प्रत्यक्षात अँपिअर उतरतात, कारण हवा हलवण्याचे कामच उरत नाही. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड हाताने झाकले की त्याचा आवाज चढतो तोही भार उतरल्यामुळेच. आणि नळ न जोडता नवी मोटार उघड्या पंख्यावर चालवून पाहिली तर हवा मोकाट येते, अँपिअर चढतात आणि ओव्हरलोड रिले तोडतो. मग नवी मोटार खराब निघाली असे समजून ती परत पाठवली जाते.

जुनी मोटार जळाली का, हेही पाहायला हवे. धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटार पुष्कळदा धुळीनेच जाते. बंद पोटाच्या मोटारीवरच्या फण्यांमधून उष्णता बाहेर पडते. त्या फण्यांवर भुशाचे पांघरूण बसले की आतले तापमान चढते. वाइंडिंगचे तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा १९३० पासून अभियंते वापरतात. एखादी फेज गेली तर मात्र इतके दिवस लागत नाहीत. ग्रामीण भागात कोणाही वायरमनला हे माहीत आहे. आम्ही तर म्हणू की विहिरीवरच्या मोटारींनी या जिल्ह्यातल्या गावागावांत जितके विद्युतशास्त्र पोहोचवले तितके पाठ्यपुस्तकांनी क्वचितच पोहोचवले असेल.

राहिला तो वेगळ्या बटणाचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमाने धूळ उत्पन्न होते तेथेच ती ओढून घेण्याची व्यवस्था मालकावर बंधनकारक केली होती. पण शाळेची किंवा तंत्रविद्यालयाची कार्यशाळा बहुधा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि निरीक्षक तेथे येत नाही. तेथे जे करता येते ते वायरीचे काम आहे. पंख्याच्या काँटॅक्टरला मुख्य संपर्कांखेरीज एक जादा छोटा संपर्क असतो. पंखा चालू झाला की तो मिटतो. करवतीच्या स्टार्टरच्या कॉइलकडे जाणारी वायर या संपर्कातून न्यायची. मग पंखा चालू केल्याशिवाय करवत सुरू होत नाही आणि पंख्याचा रिले तुटला की करवतही थांबते. खर्च दोन वायरींचा. छताखालच्या जुन्या आसाने जे आपोआप होत असे तेच यातून परत मिळते, आणि त्या पंख्याची मोटार जळाली तर ती संध्याकाळपर्यंत बदलली जाते.